भातुकलींतील हायकोर्ट

ग्रंथपरीक्षणासाठीं राखलेल्या या पानांवर आज आम्ही एका खेळाचा विचार करणार आहोंत, याचें कांहीं वाचकांस नवल वाटेल. खेळ म्हणजे घटकाभराची करमणूक. त्याचें परीक्षण तें काय करावयाचें, असा प्रश्न साहजिकच उद्भवतो. परंतु ज्या खेळाविषयीं आम्हांस लिहावयाचें आहे त्यांत पट नाहीं, सोंगट्या नाहींत, धांवपळ किंवा गोळीबारहि नाहीं. त्याचें बहुतेक सारें साहित्य म्हणजे शब्द. राष्ट्राचें नांव, त्याचें ब्रीद, त्याचे कायदे, त्याच्या वकिलातींचीं पत्रें आणि त्याच्या न्यायाधीशांचे निकाल हें सर्व लिहिलें जातें, वाचलें जातें व त्यावर वाद होतो. जें मुख्यतः लेखनाच्या बळावर उभें राहतें तें वाङ्मयसमीक्षेच्या कक्षेंत येतें अशी आमची समजूत आहे, आणि म्हणूनच हा प्रपंच.

या खेळाचें नांव 'नेशनस्टेट्स'. मॅक्स बॅरी या ऑस्ट्रेलियन कादंबरीकारांनीं तो नोव्हेंबर २००२ मध्यें इंटरनेटवर सुरू केला. त्यांची 'जेनिफर गव्हर्नमेंट' ही कादंबरी २००३ च्या आरंभीं प्रसिद्ध व्हावयाची होती. तिची जाहिरात व्हावी हा मूळ हेतु. कादंबरी आपल्या वाटेनें गेली, परंतु तिच्या जाहिरातीसाठीं काढलेला खेळ मात्र वीस वर्षें उलटून गेलीं तरी नांदता आहे. खेळाडूनें एक राष्ट्र स्थापावें, त्याला नांव, निशाण, चलन व एखादा राष्ट्रीय प्राणी द्यावा, आणि मग वेळोवेळीं पुढें येणाऱ्या प्रश्नांवर निर्णय द्यावा, अशी त्याची रचना आहे. कर, शाळा, सैन्य, मतदान, मद्यपान अशा हरएक विषयावर प्रश्न येतात. प्रत्येक प्रश्नाखालीं दोनचार कल्पित माणसें आपापला सल्ला देतात. त्यांपैकीं एकाचा सल्ला खेळाडूनें पत्करावा, किंवा सगळ्यांनाच वाटेस लावावें. जें पत्करलें त्याप्रमाणें राष्ट्राचें नागरिक स्वातंत्र्य, अर्थव्यवहार व राजकीय स्वातंत्र्य यांचे आंकडे वर किंवा खालीं जातात.

बॅरी हे मूळचे उपहासकार आहेत, आणि त्यांच्या खेळाचा गुण या उपहासांत आहे. प्रत्येक सल्लागार आपलें म्हणणें इतकें ताणतो कीं, शहाण्यासारखी सुरुवात झालेली सूचना चौथ्या वाक्यापर्यंत भलत्याच टोकाला जाऊन पोंचते. त्यामुळें कोणताहि निर्णय निष्पाप नसतो, ही जाणीव खेळाडूला हंसत हंसत होते. परंतु दोषहि याच ठिकाणीं आहे. सर्वच सल्लागार विदूषक असल्यामुळें कोणाचेंच म्हणणें मनापासून ऐकून घेण्याची गरज पडत नाहीं. खटका दाबला कीं कायदा झाला. ज्याच्या डोक्यावर तो कायदा पडला त्यानें कोठें दाद मागावी, याची सोय लेखकानें ठेविलेली नाहीं. राजा आहे, प्रजा आहे, खजिनाहि आहे. न्यायासन तेवढें नाहीं. लेखकानें मोकळी ठेविलेली ही जागा खेळाडूंनीं कशी भरून काढली, हा या लेखाचा खरा विषय आहे.

एकेकटें राष्ट्र चालविण्यांत मन फार दिवस रमत नाहीं. म्हणून राष्ट्रें प्रदेशांत एकत्र येतात. आरंभापासून नवीं राष्ट्रें ज्या पांच प्रदेशांत आपोआप जन्मास येत आलीं, त्यांना पॅसिफिक महासागराचीं नांवें आहेत: उत्तर, दक्षिण, पूर्व, पश्चिम आणि नुसता पॅसिफिक. इतर पुष्कळ प्रदेशांत संस्थापकाचा किंवा त्याच्या वारसाचा शब्द शेवटचा असतो. या पांचांना संस्थापक नाहीं. तेथें सत्ता डेलिगेटाची, म्हणजे प्रदेशाच्या प्रतिनिधीची. खेळांत 'वर्ल्ड असेंब्ली' नांवाची एक जागतिक सभा आहे. तिचे सभासद असलेलीं राष्ट्रें आपल्या प्रदेशांतील दुसऱ्या सभासद राष्ट्रास अनुमोदन देतात, आणि ज्याच्या पदरीं सर्वांत अधिक अनुमोदनें तो डेलिगेट होतो. या सभेचें मूळ नांव 'युनायटेड नेशन्स' असेंच होतें; परंतु २००८ सालीं खऱ्या युनायटेड नेशन्सकडून कायदेशीर पत्र आल्यावर तें बदलावें लागलें. खेळांतल्या साऱ्या राष्ट्रांच्या सभेवर बाहेरच्या जगांतील एका पत्रानें अंमल बजावला, ही गोष्ट वाचकांनीं लक्षांत ठेवावी. पुढें तिचा उपयोग आहे.

डेलिगेटाची निवड करण्यास यंत्रापाशीं मुदत नाहीं कीं मतदानाचा दिवस नाहीं. अनुमोदनांचें पारडें फिरलें कीं पुढच्या हिशेबाच्या वेळीं गादी फिरते. गादीवर बसलेल्याच्या हातीं राष्ट्रांस प्रदेशाबाहेर घालविण्याचा व पुन्हां पाऊल टाकूं न देण्याचा खटका असतो. त्याचा वापर करतांना त्याच्या खात्यावरचें 'वजन' खर्च होतें, एवढाच काय तो लगाम. अशा स्थितींत बळजोरी होणें ओघानेंच आलें. २००३ सालीं पॅसिफिक प्रदेशांतील सत्ता बळकावून तेथें नवी राजवट स्थापन करण्यांत आली, आणि त्या घटनेनें इतर प्रदेशांस सावध केलें. उत्तर व दक्षिण पॅसिफिकच्या नागरिकांनीं स्वतःसाठीं राज्यघटना लिहिल्या. डेलिगेटानें ठराविक मुदतीनें निवडणुकीस उभें राहावें, कायदे सभेनें करावे, आणि वाद न्यायालयानें तोडावे, असें त्यांनीं ठरविलें.

उत्तर पॅसिफिकच्या घटनेप्रमाणें न्यायालयांत निदान तीन न्यायाधीश असावे आणि त्यांनीं आपल्यांतूनच एकास मुख्य निवडावें. फौजदारी खटले चालविणें, कायदे घटनेस धरून आहेत कीं नाहींत हें पाहणें, सरकारची कृत्यें कायदेशीर आहेत काय तें ठरविणें, हीं त्याचीं कामें. आणि त्याचें मत सर्व अधिकाऱ्यांवर बंधनकारक. दक्षिण पॅसिफिकांतील न्यायालयास तर 'हायकोर्ट' असेंच नांव आहे. तेथें कोणाहि सभासदास कायद्याच्या अर्थाविषयीं प्रश्न विचारतां येतो, व सनदेशीं विसंगत असलेला कायदा रद्द करण्याचा अधिकार त्या कोर्टास आहे. मांडणी पाहिली तर खऱ्या राज्यघटनेहून उणी नाहीं.

आतां एक कल्पित खटला घेऊं. डेलिगेटानें आपल्या एका टीकाकारास हद्दपार केलें. त्यानें न्यायालयाकडे धांव घेतली. न्यायाधीशांनीं दोन्ही बाजू ऐकून हद्दपारी बेकायदा ठरविली. पुढें काय? या कोर्टापाशीं बेलिफ नाहीं, शिपाई नाहीं, जप्ती नाहीं. डेलिगेट यंत्रांत आहे, अनुमोदनें यंत्रांत आहेत, हद्दपारी यंत्रांत आहे. न्यायाधीश मात्र यंत्राच्या बाहेर, केवळ लिहिलेल्या ठरावांत आहे. बंदी उठविण्याचा खटका ज्याच्या हातीं तोच येथें प्रतिवादी. त्यानें निकाल वाचून मान हलविली आणि कांहींच केलें नाहीं, तर यंत्र मुकाट्यानें त्याच्याच बाजूनें उभें राहील. निकाल अंमलांत येण्याचे मार्ग दोनच: डेलिगेटानें तो मानावा, किंवा त्यास अनुमोदन देणाऱ्या राष्ट्रांनीं, स्वतः हद्दपार होण्याचा धोका पत्करून, आपलें अनुमोदन काढून घ्यावें.

हें पाहून कोणी म्हणेल कीं, असें कोर्ट म्हणजे निवळ भातुकली. चिमुकल्या चुलीवर चिमुकलें भांडें, आंत भात नाहींच. आमचें मत तसें नाहीं. शस्त्र व द्रव्य हीं दोन्ही दुसऱ्यांच्या हातीं असून आपल्यापाशीं केवळ विवेकबुद्धि असणें, ही न्यायसंस्थेची जन्मजात स्थिति आहे, असें अलेक्झांडर हॅमिल्टन यांनीं १७८८ सालीं अमेरिकेच्या नव्या घटनेचें समर्थन करतांना प्रतिपादिलें होतें. त्याचा दाखला मुंबईच्याच इतिहासांत सांपडतो. १८२८ सालीं पुण्याच्या मोरो रघुनाथ या अल्पवयी मुलास त्याच्या एका नातलगानें अडकवून ठेविलें आहे अशी तक्रार मुंबईच्या सुप्रीम कोर्टापुढें आली, आणि मुलास हजर करण्याचा हुकूम कोर्टानें काढला. गव्हर्नर सर जॉन माल्कम यांचें सरकार तो बजावण्यास साह्य करीना. दोघे सहकारी न्यायाधीश वारल्यामुळें सर जॉन पीटर ग्रँट हे कोर्टांत एकटेच उरले होते. आपले हुकूम मानले जात नाहींत असें पाहून त्यांनीं १८२९ च्या एप्रिलांत कोर्टाचे दरवाजे स्वतःच बंद केले. त्याच वर्षीं विलायतेंत प्रिव्ही कौन्सिलनें जो निर्णय दिला तो कोर्टाच्या विरुद्ध गेला. मुंबई बेटाबाहेर राहणाऱ्या, एरव्हीं कोर्टाच्या अधिकाराखालीं न येणाऱ्या एतद्देशीयांवर असा हुकूम काढण्याची सत्ता त्यास नाहीं असें ठरलें. खरें कोर्ट, खरे न्यायाधीश, पाठीशीं राजाची सनद. तरीहि अंमलबजावणी करणारा हात आखडला तेव्हां न्यायाधीशापाशीं दार लावून घेण्यापलीकडे उपाय उरला नाहीं.

या प्रसंगांतून दोन गोष्टी निष्पन्न होतात, आणि दोन्ही खेळांतल्या हायकोर्टास लागू आहेत. पहिली ही कीं, निकालाचा जीव त्याच्या आज्ञापालनांत असतो, आणि तें आज्ञापालन निकालाच्या आधींच लोकांच्या मनांत तयार असावें लागतें. युनायटेड नेशन्सच्या पत्रापुढें खेळाच्या मालकानें मान तुकविली, कारण त्या पत्रामागें बाहेरच्या जगांतील कोर्टें उभीं होतीं. खेळांतल्या कोर्टामागें खेळाडूंच्या परस्परांवरील विश्वासाशिवाय कांहींच नाहीं. दुसरी गोष्ट ही कीं, कोर्टाची हद्द कोठें संपते हें आधींच स्पष्ट लिहून ठेविलें पाहिजे. न्यायाधीश कितीहि सच्चा असला तरी हद्द संदिग्ध असेल तर त्याचा निकाल वाऱ्यावर जातो.

हद्दीचा हा प्रश्न खेळांत फार गमतीचें रूप घेतो. येथें आरोपी कोण, राष्ट्र कीं खेळाडू? एकच खेळाडू वाटेल तितकीं राष्ट्रें चालवूं शकतो. जागतिक सभेंत मात्र त्याला एकच ठेवतां येतें. उत्तरेच्या नांवानें निष्ठेची शपथ घेतलेला मनुष्य दुसऱ्या नांवानें तिच्याविरुद्ध स्वारींत सामील झाला, तर राजद्रोह कोणत्या नांवानें केला? हद्दपार झालेला उद्यां नवें नांव घेऊन दारांत उभा राहिला, तर तो तोच कीं दुसरा? नाटकांतल्या पात्रानें केलेल्या खुनाबद्दल नटास कोणी फांशीं देत नाहीं. परंतु येथें नट आणि पात्र यांमधली रेघ प्रत्येक प्रदेशाला स्वतः ओढावी लागते. ही रेघ न ओढतां जे कोर्ट स्थापतात त्यांचा पहिलाच खटला त्यांना पेंचांत पाडील.

पुराव्याची अडचण याहून मोठी. साक्षीदाराचा चेहरा दिसत नाहीं, आवाज ऐकूं येत नाहीं. खाजगी संभाषणाच्या ज्या प्रती सादर होतात त्यांत फेरफार करणें कठीण नसतें. अशा स्थितींत उत्तर पॅसिफिकच्या हक्कांच्या जाहीरनाम्यानें जे नियम घातले ते आम्हांस विशेष वाखाणण्याजोगे वाटतात. गुन्हा सिद्ध होईपर्यंत आरोपी निर्दोष. सुनावणी उघड व निःपक्षपाती. वकील आरोपीच्या पसंतीचा. शिक्षा गुन्ह्याच्या मानानें. यांतलें शेवटचें कलम लिहिणें सोपें नव्हतें. कारण यंत्रास ठाऊक असलेली शिक्षा एकच, ती म्हणजे हद्दपारी. लहान चुकीसहि तीच आणि घोर विश्वासघातासहि तीच. म्हणून कायदे करणाऱ्यांनीं मतदानाचा हक्क तहकूब करणें, अधिकारपदावरून दूर करणें, अशा कमीअधिक शिक्षा स्वतः योजून काढल्या. तराजूला एकच वजन मिळालें असतां बाकीचीं वजनें ज्यांनीं घरीं घडविलीं, त्यांच्या बुद्धीचें कौतुक केलें पाहिजे.

एवढें गुणवर्णन झाल्यावर दोषांकडेहि वळलें पाहिजे. पहिला दोष अनुकरणाचा. या कोर्टांची भाषा बव्हंशीं इंग्रजी-अमेरिकन कोर्टांच्या धर्तीची आहे, आणि नवशिके वकील तर खटल्यापेक्षां वकिलीचा अभिनय करण्यांतच अधिक रंगतात. हरकतींवर हरकती निघतात, मुदती वाढतात, आणि मूळ तक्रार कोणती होती याचा विसर पडतो. खऱ्या जगांत न्यायास विलंब झाला तर फिर्यादी थकतो. येथें आरोपीच विरून जाऊं शकतो, कारण सुमारें अठ्ठावीस दिवस खेळाडू फिरकला नाहीं तर त्याचें राष्ट्र यंत्र आपण होऊन मिटवून टाकतें. दुसरा दोष गांव लहान असण्याचा. राजकारणांत लक्ष घालणारीं माणसें मोजकींच. आजचा न्यायाधीश काल मंत्री होता आणि उद्यां उमेदवार होईल. ज्याच्यावर निकाल द्यावयाचा त्याच्याशीं कालपर्यंत थट्टामस्करी चाललेली असते. न्यायाधीश निवडणुकीनें आणावे तर ते लोकप्रियतेकडे पाहतील, नेमणुकीनें आणावे तर नेमणाऱ्याकडे. हा पेंच जगांतील कोणत्याहि देशाला पुरता सुटलेला नाहीं. तेव्हां तो खेळाडूंस सुटला नाहीं याबद्दल आम्ही त्यांस दोष देत नाहीं. परंतु पेंच आहे हेंच ज्यांना दिसत नाहीं त्यांना दोष दिल्यावांचून राहवत नाहीं.

तिसरा दोष उतावळेपणाचा, आणि आमच्या मतें तोच सर्वांत घातक. आठदहा मित्र जमून प्रदेश स्थापतात, आणि पहिल्याच आठवड्यांत सभा, मंत्रिमंडळ व हायकोर्ट यांची घटना लिहून मोकळे होतात. भांडण एकहि नाहीं, पण अपीलाचे नियम तयार. बाजारांत तुरी आणि भट भटणीला मारी! असें कोर्ट महिनोगणती रिकामें बसतें, आणि मग काम मिळावें म्हणून क्षुल्लक शब्दच्छल उकरून काढतें. न्यायालय हें भांडणाच्या मागून आलेलें शोभतें. प्रथम दोघांनीं एका तिसऱ्याचें ऐकण्याची संवय लावावी, त्या संवयीतून रूढि व्हावी, आणि रूढि पुरेनाशी झाल्यावर कलमें लिहावींत. उत्तर व दक्षिण पॅसिफिकच्या घटना वेळोवेळीं दुरुस्त होत आल्या आहेत. एका बैठकींत त्यांची नक्कल उतरून घेणाऱ्यांच्या हातीं कलमें येतात, त्यांच्यामागचा अनुभव येत नाहीं.

तरीहि या सर्व दोषांच्या वर एक गोष्ट उरते, आणि तिच्यासाठींच आम्हीं हा विषय हातीं घेतला. बॅरी यांच्या प्रश्नांत प्रत्येक प्रतिपक्ष विदूषक आहे, असें आम्हीं वर म्हटलें. न्यायालयाच्या निकालांत हें चालत नाहीं. तेथें घटना सांगावी लागते, वादीचें म्हणणें सांगावें लागतें, प्रतिवादीचें म्हणणें त्याचें त्यालाच ओळखूं येईल अशा शब्दांत मांडावें लागतें, आणि मग एकाचें कां पटलें व दुसऱ्याचें कां पटलें नाहीं याचीं कारणें द्यावीं लागतात. हरलेल्या माणसानें निकाल वाचून 'माझें म्हणणें यांना समजलें होतें' एवढें तरी कबूल करावें, ही चांगल्या निकालपत्राची कसोटी. मूळ लेखकानें जो गुण आपल्या खेळांत घातला नव्हता तो खेळाडूंनीं स्वतःच्या लेखनानें त्यांत आणला. वाङ्मयाच्या इतिहासांत वाचकानें लेखकाच्या पुढें जाण्याचे प्रसंग थोडे. हा त्यांतला एक आहे असें आम्ही मानतों.

घरांतला मुलगा किंवा मुलगी रात्रीं उशिरापर्यंत पडद्यासमोर बसून कोणत्या तरी अस्तित्वांत नसलेल्या राष्ट्राचा खटला लढवीत आहे, हें पाहून पालकांस चिंता वाटणें योग्य आहे. परीक्षा जवळ आली असेल तर ती अधिकच योग्य आहे. परंतु त्या मुलानें काय लिहिलें आहे तें एकदां वाचून पाहावें. तो जर केवळ पल्लेदार कायदेशीर शब्द जुळवीत असेल, तर खुशाल दिवा मालवावा. पण आपल्या मित्राच्या विरुद्ध निकाल देतांना त्याच्या बाजूचीं कारणें तो न्यायानें मांडीत असेल, तर त्याच्या हातून होणारें काम भातुकलीचें नाहीं. आपलीं वाचनालयें, मंडळें आणि सहकारी सोसायट्या यांत अध्यक्षाच्या एका शब्दानें माणसें बाहेर पडतात आणि कोणी कारण विचारीत नाहीं, हें आपण पाहतोंच. तेथें उद्यां जाऊन बसणारीं माणसें हींच आहेत.

अशा कोर्टाचें मोल ठरवितांना त्याच्या घटनेचीं पानें किंवा न्यायाधीशांचे किताब मोजूं नयेत. ज्याच्या हातीं खटका आहे त्याच्या विरुद्ध या कोर्टानें कधीं निकाल दिला काय, आणि निकाल वाचून त्या हातानें आपण होऊन बंदी उठविली काय, एवढेंच विचारावें. ज्या प्रदेशांत असें एकदां तरी घडलें असेल तेथें हायकोर्ट आहे असें आम्ही म्हणूं. नव्यानें कोर्ट स्थापूं पाहणाऱ्या तरुणांनीं तें घडेपर्यंत धीर धरावा, आणि तोंवर एकमेकांचें म्हणणें शेवटपर्यंत ऐकण्याचा अभ्यास ठेवावा, अशी आमची त्यांस सूचना आहे.